दोघींतली एक

बाई बोलायला उभ्या राहिल्या की त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा. कमरेच्या जरा खाली तो स्थिरावायचा आणि मग तिथे बोटं हलायला लागायची. कधी मूठ, कधी दोन बोटं, कधी उघडा पंजा. बेकरीच्या रांगेत, क्लबच्या सभेत, पालकांशी बोलताना, कुठेही. समोरच्या माणसाला ते दिसायचं नाही, मागून येणाऱ्याला दिसायचं. टेनिसमधली दुहेरी तुम्ही कधी जवळून पाहिली असेल तर तुमच्या लक्षात येईल. जाळीजवळ उभी असलेली खेळाडू मागे सर्व्हिस करणाऱ्या जोडीदारणीला अशा खुणा करते: मी इथेच थांबते, मी पलीकडे धावते. बाईंच्या मागे आता कुणी नसायचं. खुणा मात्र सुटल्या नव्हत्या.

त्या मूळच्या चीनच्या. आमच्या गावच्या टेनिस क्लबात मुलांना शिकवायच्या. जर्मनीतल्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी आमच्यासारखी मराठी घरं आजूबाजूच्या गावांत विखुरलेली आहेत. शनिवारी सकाळी या ना त्या घरचं पोर कोर्टावर असायचंच. जर्मन मुलं त्यांना ‘ट्रेनरिन’, म्हणजे प्रशिक्षिका, म्हणायची. आम्ही मराठी मंडळी आपसात ‘टेनिसच्या बाई’ म्हणत असू, आणि पुढे नुसतंच ‘बाई’. त्या मला ‘सईमामा’ म्हणायच्या, म्हणजे सईची आई. त्यांच्याकडे आणि जर्मनीतही मामा म्हणजे आई. मी त्यांना एकदा सांगितलं की आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, “मग तुम्ही आईला भाऊ का करता?” मी विषय सोडून दिला.

बाई कोण आहेत हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका मुलाच्या वडिलांनी फोनवर त्यांचं नाव शोधलं आणि क्लबच्या कट्ट्यावर तो फोन हातोहात फिरला. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या अंतिम फेरीत या बाई खेळल्या होत्या, दुहेरीत. फोटोत दोघी होत्या. एक उंच, एक आमच्या बाई, दोघींच्या हातांत उपविजेत्यांच्या थाळ्या. त्या गृहस्थांनी अभिनंदन केलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, “आल्झो, म्हणजे, त्यात दोघी होतो.” आणि चेंडू गोळा करायला निघून गेल्या.

हे वाक्य पुढे मी अनेकदा ऐकलं. कुणी ‘तुम्ही जिंकलात’ म्हटलं की, ‘दोघी होतो’. कुणी ‘तुमची ती मॅच’ म्हटलं की, ‘दोघींची’.

सईला सोडायला-आणायला जाताना बाईंची नि माझी ओळख वाढली. त्यांच्याकडे गाडी नव्हती, आणि त्यांचं घर आमच्या वाटेवर होतं. गाडीत त्या तुटक जर्मन आणि तुटक इंग्रजीत आपलं आयुष्य सांगायच्या, तेही सलग नाही. आईवडील कापडगिरणीत. सहाव्या-सातव्या वर्षी क्रीडाशाळेत रवानगी. तिथल्या गुरुजींनी एके दिवशी त्यांना आणि एका उंच मुलीला समोरासमोर उभं केलं. म्हणाले, “तू बुटकी आहेस, पण तुझे हात चपळ. तिची सर्व्हिस जोरदार, पण ती घाबरट. आजपासून तुम्ही दोघी मिळून एक.” खोली एक, जेवणाचं टेबल एक. शिक्षाही एकच: एकीनं चूक केली की दोघींनी पळायचं.

“तुम्हाला विचारलं नाही, एकेरी खेळायची आहे का म्हणून?” मी म्हटलं.

“विचारतात?” बाईंनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

दुहेरीतल्या खेळाडूंची त्या गंमत सांगायच्या. त्यांचे सामने कायम कडेच्या कोर्टावर. पाऊस आला की आधी दुहेरी पुढे ढकलणार. “आमच्या कोर्टावर लोक सँडविच खायला येत,” त्या म्हणायच्या. “आम्ही हळू खेळायचो, त्यांचं खाणं नीट व्हावं म्हणून.” मग स्वतःच हसायच्या, पण फार वेळ नाही. त्या उंच मैत्रिणीचा विषय निघाला की त्या खिडकीबाहेर बघू लागत.

त्या मैत्रिणीचं काय झालं हे मला समजलं ते एका हरलेल्या सामन्यानंतर. आमच्या क्लबच्या बायकांच्या संघातली एकजण आजारी पडली आणि दुहेरीला बाईंबरोबर मला उभं केलं. कॉलेजात मी बॅडमिंटन खेळायचे, एवढंच काय ते भांडवल. पलीकडच्या दोघी जर्मन बायका हुशार होत्या. बाई काय चीज आहेत हे त्यांनी पहिल्या काही मिनिटांत ओळखलं आणि त्यानंतर प्रत्येक चेंडू माझ्याकडे. मी जाळीजवळ, बाई मागे सर्व्हिसला. मी वळून पाहिलं आणि चकित झाले. बाई खालून सर्व्हिस करत होत्या, लहान मुलं चेंडू ढकलतात तशी. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

“सईमामा, पुढे बघा,” त्या म्हणाल्या. “मागे काय होतंय ते माझं काम.”

आम्ही हरलो, पण सहजासहजी नाही. मी अपराधी चेहऱ्यानं बाकावर बसले होते. बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. “हरलो,” त्या म्हणाल्या. “पण दोघी हरलो. एकटीनं हरणं फार वाईट असतं.”

परतताना गाडीत मी खांद्याबद्दल विचारलं. त्या दिवशी सई बरोबर नव्हती, म्हणूनही असेल, बाई बोलल्या.

त्या अंतिम सामन्याच्या आधीपासूनच खांदा दुखत होता. इंजेक्शनं घेऊन त्या खेळत राहिल्या. नंतर शस्त्रक्रियेसाठी जर्मनीत आल्या, कारण एका उन्हाळ्यात त्या इथल्या एका क्लबतर्फे खेळल्या होत्या आणि इथला डॉक्टर ओळखीचा होता. डॉक्टर म्हणाला, वर्षभर थांबा, आणि वर्षानंतरही मी खात्री देत नाही. मैत्रीण म्हणाली, मी थांबते. ती तेव्हा तिशी ओलांडलेली होती. तिच्याकडे थांबायला वर्षं उरली नव्हती. दुसरी चांगली जोडीदारीण तयार होती. पण ती म्हणत होती, तुझ्याशिवाय नाही.

“मग मी तिला फोन केला,” बाई म्हणाल्या. “सांगितलं, खांदा बरा झाला तरी मला तुझ्याबरोबर खेळायचं नाही. तुझे परतीचे फटके मंदावलेत. तुझ्यामुळे आपण ती फायनल हरलो.”

“आणि ते खरं होतं?”

“तिचे फटके कधीच मंदावले नव्हते. माझ्यामुळे हरलो. माझा हात उठत नव्हता.”

मैत्रिणीनं फोन ठेवला. पुढच्याच मोसमात ती नव्या जोडीदारणीबरोबर तीच स्पर्धा जिंकली. बाईंनी तो सामना इस्पितळातल्या बैठकीच्या खोलीत पाहिला. शेजारी गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा बसले होते. त्यांना टेनिस कळत नव्हतं, ते सारखे विचारत होते, यातली तुमची कुठली? बाईंनी बोट दाखवलं. त्यानंतर दोघींमध्ये एक शब्दही बोलणं झालं नव्हतं. खांदा काही पूर्ण बरा झाला नाही. बाई इथेच राहिल्या, इथल्या मुलांना शिकवायला लागल्या.

मी गाडी त्यांच्या दारापाशी थांबवली तरी त्या उतरल्या नाहीत. मी इंजिन बंद केलं. शेवटी त्याच म्हणाल्या, “तिला तो कप मिळाला. मी ठरवलं होतं तसंच झालं. गेनाऊ, अगदी तसंच.” आणि उतरून गेल्या.

पुढच्या वर्षी सईनं बातमी आणली. ती उंच मैत्रीण आता एका तरुण चिनी मुलीची प्रशिक्षक होती, आणि ती मुलगी आमच्यापासून दीडेक तासावरच्या गावात खेळायला येणार होती. सई मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती बाईंना सरळ म्हणाली की आपण जायचं. बाई नाही म्हणाल्या. मग त्यांना त्या दिवशी डोकेदुखी होणार होती. मग कोर्टाची माती सारखी करायची होती. शेवटी त्या दिवशी सकाळी त्या आपल्या घराच्या फाटकापाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभ्या होत्या.

सामना संपल्यावर कुंपणापाशी त्यांची भेट झाली. अलीकडे बाई, पलीकडे टोपी घातलेली ती उंच बाई, मध्ये जाळीचं कुंपण. आत जायला फाटक दहा पावलांवर होतं, पण दोघींपैकी कुणी तिकडे गेलं नाही. बोलणं चिनी भाषेत होतं, मला काहीच कळत नव्हतं. आधी बाई बोलल्या, थोडंसं, खाली बघून. मग ती उंच बाई बोलली, बराच वेळ. तिनं टोपी काढली, पुन्हा घातली. बाईंचा चेहरा मला दिसत होता. तो मोकळा होईल असं मी धरून चालले होते. तो दगडासारखा होत गेला.

परतीच्या वाटेवर आऊटोबानचा हमरस्ता सोडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “तिला माहीत होतं.”

“काय?”

“मी खोटं बोलले ते. आमच्या फिजिओनं तिला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, खांदा गेलाय, फायनलमध्येही हात उठत नव्हता म्हणून. तिला सगळं कळलं होतं. तरी ती गेली, कारण तिला जिंकायचं होतं. म्हणून तिनं कधी फोन केला नाही. लाज वाटत होती, म्हणाली.”

मी म्हटलं, “पण तुम्हालाही तेच हवं होतं ना? तिनं जावं असंच.”

“हो.” त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. “पण तिनं एकदा तरी म्हणायचं होतं, की तू खोटं बोलतेस. मी पुन्हा तेच सांगितलं असतं. पण तिनं एकदा म्हणायचं होतं.”



तो उन्हाळा वाईट गेला. बाईंचा आवाज चढायला लागला. मुलांनी जोडीदाराला दोष दिला की त्या खेळ थांबवून दोघांना कोर्टाभोवती पळायला लावत. दोन पालकांनी क्लबकडे तक्रार केली, दुहेरी पुरे, मुलांना एकेरी शिकवा म्हणून. सराव चालू असताना त्यांच्या पिशवीत फोन वाजत राहायचा. त्या बघायच्या आणि पुन्हा पिशवीत टाकायच्या. कुणाचा फोन ते मला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं त्यांनी मनाशी एक गोष्ट जपली होती, की मी तिच्यासाठी काही केलं. आता ते आपण दिलं होतं की तिनं घेतलं होतं, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. असं त्या एकदा म्हणाल्या, आणि जर्मन शब्द सापडेना म्हणून हातानंच दाखवलं: आधी पुढे केलेला हात, मग ओढून घेतलेला.

एक दिवस कोर्टावर झाडू मारता मारता त्यांनी विचारलं, “सईमामा, तुमच्यात माफ करायचं असेल तर काय करतात?”

मी विचार केला. आमच्या घराण्यात कुणी कुणाला ‘माफ केलं’ असं म्हटल्याचं मला आठवेना. “आमच्यात बहुतेक जेवायला बोलावतात,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि झाडू मारत राहिल्या.

ती मैत्रीण हिवाळ्याआधी पुन्हा एका स्पर्धेसाठी आली तेव्हा बाईंनी तिला जेवायला बोलावलं, आमच्या घरी. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नव्हती. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. सकाळपासून बाई आमच्या ओट्यावर कणीक तिंबत होत्या आणि सासूबाई शेजारी बसून म्हणत होत्या, “हे तर मोदकच की गं, वाफवलेले. आत गूळ नाही एवढंच.”

जेवण सुरू झालं. दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. मीठ इकडे, सॉस तिकडे, इतकंच.  मग उंच मैत्रीण काहीतरी म्हणाली, हलक्या आवाजात. बाईंनी ताडकन उत्तर दिलं. तिचा आवाज चढला, बाईंचा त्याहून. काटे-चमचे टेबलावर सरकवून दोघी कोर्ट आखायला लागल्या. हा काटा मी, ही वाटी तू, इथे चेंडू. बाई उभ्या राहिल्या. मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तशीच ओरडत होती. सई घाबरून माझ्याजवळ सरकली.

मी उठायला लागले तसं सासूबाईंनी माझा हात धरला. “बस गं,” त्या म्हणाल्या. “भांडू देत. मघापासून गप्प होत्या, तेव्हा मला काळजी वाटत होती.”

“अहो आई, पण कशावरून भांडतायत ते तरी…”

“ते त्यांना माहीत आहे ना? झालं तर.”

नंतर मला कळलं, त्या फायनलमधल्या एका चेंडूवरून भांडत होत्या. तो कुणी सोडला याबद्दल. फोनबद्दल, खोटेपणाबद्दल त्या रात्री एक अक्षर निघालं नाही. ते पुढे कधी निघालं की नाही, मला माहीत नाही. जाताना मैत्रिणीनं बाईंचा उजवा हात धरून हळूहळू वर नेऊन पाहिला, जिथे दुखलं तिथे थांबली, आणि खाली ठेवला.

वसंतात बाई चीनला परत गेल्या. त्यांच्या गावी दोघी मिळून मुलींना शिकवणार होत्या. निरोपाला हायडेलबर्गच्या स्टेशनवर सई आणि मी होतो. गाडी सुटेपर्यंत बाई सईला सामान कसं उचलावं, कुठला खांदा वापरावा हेच सांगत होत्या. त्यांचे निरोप अधूनमधून येतात. ‘रोज भांडतो’ असं एकदा लिहिलं होतं. एकदा लिहिलं होतं, ‘अजून कधी कधी मला राग येतो. मग मी तिच्याशी दुपारभर बोलत नाही. ती वाट बघते.’

क्लबात आता नवीन तरुण प्रशिक्षक आहे. चांगला आहे, मुलांना आवडतो. पालकांना हवं होतं तसं तो मुलांना एकेरी खेळवतो. संध्याकाळी मी सईला आणायला जाते तेव्हा लाल मातीवर दिवसभराच्या पावलांचे, घसरण्याचे ठसे उमटलेले असतात. फक्त कोर्टाच्या दोन्ही कडांना, दुहेरीसाठी आखलेल्या त्या दोन अरुंद पट्ट्यांत, माती सकाळी सारवल्यासारखी तशीच गुळगुळीत असते.