कोंडीची सावड

कोंडी कुणाला आवडावी अशी बाई नव्हतीच. तोंडाने फाटकी, हेकट, आणि त्यात बाटलेली. एकोणीसशे अठरा सालच्या साथीच्या तापात तिचा नवरा पदू गेला. ती मात्र कर्जतच्या मिशन दवाखान्यात वाचली आणि येशूचं नाव घेतच परत आली. भिवपुरीच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीने तिला हाकललं नाही, एवढेच काय ते उपकार.

लावणीला वाडीत सावड असे. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या तुझ्या. सावडीआधी वाघोबाला प्रत्येक घरचा कोंबडा. कोंडीने तो द्यायला साफ नकार दिला.

"मंग तुझ्या शेतात कुनी पाय नाय ठेवनार," वाडीचा कारभारी गोमा म्हणाला.

"नका ठेवू. मला हात हायेत."

हात होते, पण आषाढातल्या एका सकाळी रोपच राहिलं नाही. म्हशी तिच्या राबात, रोपाच्या वाफ्यात, शिरल्या आणि भाताचं रोप मुळापर्यंत खाऊन गेल्या. कुंपणाची काटी मोडलेली नव्हती, नीट उचलून बाजूला ठेवलेली होती. कोणी ठेवली ते कोंडीला कळत होतं, आणि बाकी वाडीलाही कळत होतं. वर्षभर खायचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ती तडक कर्जतला गेली. मिशनमधल्या भागूबाईने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "कोंडी, देवाचा काहीतरी बेत असेल. विश्वास ठेव."

कोंडी भडकली. बेत हा शब्द तिने फक्त चुलीपाशी ऐकला होता. "बेत? घरात मूठभर नाचनी नाय आन् तुमचा देव बेत करतोय? काय शिजवनार हाय त्यो?"

भागूबाईने शब्द समजावून सांगितला. कोंडीला तो पटला नाही. परतीच्या वाटेवर ती देवाशी मोठमोठ्याने भांडली, शिव्याही दिल्या. पण वाघोबाला कोंबडा द्यावा असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. तेवढा तिचा विश्वास होता, आणि तो तिलाही नीटसा ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोमाच्या खाचरात सावड होती. सावडीत ज्याने हात घातला त्याची फेड करावीच लागते, हा वाडीचा नियम. कोंडीने ठरवलं, दिवसभर लावायचं आणि बदल्यात रोप मागायचं. पाऊस झोडपत होता. प्रत्येकाच्या पाठीवर इरलं, माना खाली, चिखलात हात. इरल्याखालची कोंडी कुणाला ओळखू आली नाही.

दुपारी भाकरीला सगळ्यांनी इरली उतरवली आणि गोमाची आई ठकी किंचाळली, "बाटगी! बाटगी लावतेय आपल्यात!"

कुणीतरी चिखलाचा गोळा मारला, तो कोंडीच्या डोळ्यात बसला. गोमा धावत आला.

"कुठल्या वळी लावल्यास? दाव!"

"मला काय ठावं? सगळ्यांबरुबर लावत व्हते."

"उपटा समदं!" ठकी ओरडली. "वाघोबा कोपंल!"

अर्धं खाचर उपटलं. रोपाच्या जुड्या बांधापलीकडे, कोंडीच्या नांगरलेल्या रिकाम्या चिखलात भिरकावल्या. "घे, तुझं बाटलेलं तुला!" असं म्हणत माणसं भाकरी खायला बसली.

कोंडी बांध ओलांडून आपल्या खाचरात गेली. अपमानाने तिला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि चिखलाकडे पाहिलं. हिरवंगार रोप, मुळांसकट, तिच्या दोन्ही खाचरांना पुरेल इतकं.

"ह्यो बेत व्हता व्हय?" ती आभाळाकडे बघून चिडूनच म्हणाली. "आदी सांगितलं असतंस तर त्या भागूबाईला बोलले नसते." आणि ती वाकली.

चार ओळी झाल्या तेव्हा गोमाची भाकरी संपली. रिकामं अर्धं खाचर त्याने पाहिलं, राबात उरलेलं रोप डोळ्यांनी मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो बांधावर आला.

"कोंडे, रोप आमचं हाय. टाक इकडं."

कोंडीने मान वर केली. चिखलाने माखलेल्या चेहऱ्याने ती सगळी सावड ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाटलेलं परत घरात घेतोस, गोमादादा?"

गोमाने आईकडे पाहिलं. म्हातारीने तोंड फिरवलं. कोंडी पुन्हा वाकली आणि पाचवी ओळ लावायला लागली.