पुढच्या सीटवरचा रुमाल

शैलाकाकूंचा राग नाकावर असतो, असं अमेरिकेतल्या अर्विंगच्या त्यांच्या अपार्टमेंटमधली मराठी मंडळी म्हणतात. असेना का! बाकीच्यांचा नुसता पोटात असतो, त्याचा काय उपयोग?

काकू मूळच्या नागपूरच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे, राजीवकडे आल्या. ग्रीन कार्ड मिळाल्यावर घरात बसवेना, म्हणून इंडियन ग्रोसरीच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला लागल्या. ड्राइव्ह करत नाहीत, त्यामुळे अपार्टमेंटच्या शटलनं, म्हणजे एका मिनीबसनं, स्टेशनपर्यंत जातात.

तर या शटलवर नवा ड्रायव्हर आला आणि त्यानं भलतीच टूम काढली. पुढच्या सीट म्हणे फक्त इथल्या रहिवाशांसाठी! ऐकायला बरं वाटतं. पण हटकायचा कोणाला? आपल्या लोकांना, मेक्सिकन माळ्याला आणि इव्हेटला. इव्हेट म्हणजे काकूंच्या शेजारच्या आजारी आजींकडे रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारी काळी बाई. एखादा गोरा पाहुणा पहिल्यांदाच चढला तरी पुढे ऐसपैस बसायचा, आणि इतकी वर्षं इथं राहणाऱ्या काकूंना रहिवाशाचं कार्ड दाखवूनही "बॅक, प्लीज!" का, तर डब्याचा वास येतो.

काकूंनी ऑफिसात तक्रार केली. 'फीडबॅकबद्दल आभारी आहोत' असं गुळगुळीत उत्तर आलं. राजीव म्हणाला, "आई, सोड ना यार. मी ड्रॉप करतो तुला." म्हणजे आपणच बस सोडायची! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारच्या भजनाला त्यांनी जाहीर केलं, "सोमवारपासून सगळ्यांनी पुढेच बसायचं. भांडायचं नाही, ओरडायचं नाही. ऊठ म्हणाला तर 'नो, थँक यू' म्हणायचं आणि बसून राहायचं. इव्हेटलाही सांगितलंय मी."

"काकू, आम्ही आहोत ना!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. रेखा तर म्हणाली, "मी तुमच्या शेजारीच बसते. माझी जागा धरून ठेवा."

सोमवारी काकू सगळ्यांच्या आधी चढल्या, पहिल्या सीटवर बसल्या आणि शेजारी रेखासाठी रुमाल टाकला. जन्माची सवय.

"मॅम, बॅक," ड्रायव्हर म्हणाला.

"नो, थँक यू."

त्यानं सरळ इंजिन बंद केलं. आपली मंडळी एकेक करून चढली, काकूंकडे बघून ओशाळं हसली आणि मुकाट मागे गेली. कोणाचा व्हिसा अडकलेला, कोणाचं प्रमोशन. मागून आपल्यातलाच प्रथमेश कुजबुजला, "काकू, मीटिंग आहे हो माझी. ॲडजस्ट करा ना जरा."

ॲडजस्ट! अरे, ॲडजस्ट करून करूनच तर सगळे मागे जाऊन बसलाय! काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ओरडायचं नाही, हे त्यांनीच ठरवलेलं. आणि ही रेखा कुठे उलथली? काकू दाराकडे डोळे लावून बसल्या.

दारातून आली ती इव्हेट. काकूंना पुढे बघून तिचा शिणलेला चेहरा खुलला. ती थेट पहिल्या सीटपाशी आली.

"मे आय?"

काकूंचा हात आपसूक रुमालावर गेला. "सॉरी, समवन इज कमिंग."

इव्हेट क्षणभर उभी राहिली. "ओके, मॅम," म्हणाली आणि मागे गेली. ड्रायव्हरला तोंडही उघडावं लागलं नाही.

आपण काय केलं, हे काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी रुमाल हिसकून घेतला, मागे वळल्या. "इव्हेट! कम, प्लीज! सिट हिअर!"

"आय ॲम फाइन, मॅम." ती खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. रेखाचा मेसेज होता. 'काकू, सॉरी हं, आज यांनीच ड्रॉप केलं. उद्या नक्की!'

ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, खांदे उडवले आणि गाडी सुरू केली. काकूंना त्यानं पुन्हा काही उठायला सांगितलं नाही. ठरल्याप्रमाणे त्या पुढे बसून राहिल्या, रुमाल मुठीत चुरगाळत. शेजारची सीट स्टेशन येईपर्यंत रिकामीच होती.