सिहोऱ्याला उतरलेली मालती

मालती देव चालताना समोर बघत नसे. मान वर करून घारी शोधत चालायची. फॅक्टरीच्या फाटकाशी उभ्या केलेल्या सायकलींवर ती कितीदा तरी आदळली. पडलेल्या सायकली उभ्या करायचं काम माझं. ती तोवर म्हणायची, "सुमन, ते पाहून तर घे! पंख न हलवता वर चढून राहिली."

आम्ही दोघी तोफांच्या फॅक्टरीच्या ऑफिसात शेजारी बसून टायपिंग करायचो. ग्लायडर क्लबची सूचना आधी मी वाचली. लहानपणापासून उडायचं मला होतं, तिला नव्हे. पण बाबा म्हणाले, "एकटीनं जायचं नाही. सोबत कोणी असेल तर जा." म्हणून मी तिला सोबत नेलं.

क्लबात पगारी माणूस कोणी नव्हता. शिकवणारे खन्नासाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, बाकी सगळे फॅक्टरीतले नि रेल्वेतले हौशी लोक. बिनइंजिनाचं ते ग्लायडर एकच. रविवारी ते ढकलत मैदानावर आणायचं, ग्लायडरला वर खेचणाऱ्या विंचची तार ओढायची, कापडी पंख फाटला असला तर शिवायचा, आणि मग आपली पाळी आली की काही मिनिटं हवेत. माझे टाके सगळ्यांत बारीक. वाऱ्यांविषयीचं क्लबातलं पुस्तक मी जवळजवळ पाठ केलेलं. मालती ते उघडायचीसुद्धा नाही. "पुस्तकाला काहून विचारते? घारीला विचार ना!"

घारी तिला खरंच सांगत असाव्यात. मी खन्नासाहेबांना मागे बसवून वर गेले की मैदानाला एक फेरी घालून खाली. ती एकटी मैदानापलीकडच्या मदनमहाल टेकडीच्या तापलेल्या खडकांवर जायची आणि तिथून उठणाऱ्या गरम हवेवर तरंगत राहायची. खन्नासाहेब वर बघत म्हणायचे, "इस लड़की के हाथ में जादू है।" मग माझ्याकडे वळून, "सुमनजी, चाय बन गई क्या?" मी जळायचे, आणि चहा करायचे.

एकटीनं उडायची परवानगीही तिलाच आधी मिळालेली. पुढे एका रविवारी खन्नासाहेब मला म्हणाले, "आज मालती उतरली की तुम्ही. एकट्या." या दिवसाची मी पहिल्या रविवारपासून वाट बघत होते. मालतीला सगळं ठाऊक होतं. ती उडाली, खडकांवर गेली, घारींच्या मागोमाग वर वर चढली आणि दिसेनाशी झाली. मी कपाळावर हात धरून उन्हात उभी. दुपारी चाळीसेक किलोमीटरवरच्या सिहोऱ्याच्या पोलीस ठाण्यातून फोन आला, पोरगी इथल्या शेतात उतरली आहे.

ट्रकला लांब गाडा जोडून आम्ही तिला आणायला गेलो. ग्लायडर हरभऱ्याच्या शेतात आडवं पडलेलं. मालती बाजेवर बसून पेरू खात होती, भोवती बायकांचा घोळका. "अगं, घारी मला सोडूनच नव्हत्या राहिल्या!" मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी मुकाट्यानं पंख सोडवायला लागले.

पुढच्या रविवारच्या आतच एकाहत्तरची लढाई सुरू झाली. मैदान लष्करानं घेतलं. फॅक्टरीत दिवसरात्र पाळ्या चालू झाल्या, खिडक्यांना काळे कागद लागले. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती रोज डबा उघडून माझ्याकडे सरकवायची, मी परत सरकवायचे. शेवटी एक दिवस तिनं टाइपरायटर थांबवला.

"काहून बोलत नाही माझ्याशी?"

"माझी पाळी होती त्या दिवशी. तुला माहीत होतं."

"हो. माहीत होतं," ती म्हणाली. "वरती एकदा आठवलीसुद्धा तू. तरी नाही वळली मी. उद्या तशी हवा लागली ना, तर उद्याही नाही वळणार."

माफी मागितली असती तर मी दिली नसती. हे उत्तर मात्र खरं होतं. मी तिच्या डब्यातली पोळी घेतली.

क्लब पुन्हा उघडला नाही. मालती लग्न होऊन नागपूरला गेली, पत्रं येत राहिली, हेवाही राहिला. ती वारल्यावर तेराव्याला तिच्या मुलानं मला बोलायला सांगितलं. मी सिहोऱ्याचं सांगितलं. वरून शेतं कशी दिसली असतील तेसुद्धा. मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही पण एकट्या उडाल्या होत्या?"

"नाही," मी म्हणाले. "मी तिला आणायला गेले होते."