कूपनामागच्या सात ओळी

त्या दिवसांत हिदिरच्या टपरीवर कोणी वर्तमानपत्र नावानं मागत नसे. "एक ताटं दे", "एक विश्वकोश", "माझी इस्त्री आली का?" असं चालायचं. नव्वदच्या दशकाचा मध्य. अंकारात मिळणारी बहुतेक वर्तमानपत्रं पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कूपन छापत. तीस कूपनं कापून कार्डावर चिकटवली की कोणी जेवणाचा सेट देई, कोणी ज्ञानकोशाचा खंड. बातम्या त्यावर फुकट मिळत.

शादान हानम, म्हणजे शादानबाई, मात्र नावं घेऊन मागे. अकरा वर्तमानपत्रं, रोज सकाळी सव्वासहाला. हिदिर ती सुतळीनं बांधून तयारच ठेवी आणि तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणे.

"आब्ला, अकरा वाचून कळतं तरी काय? सरकार पडणार की टिकणार?"

"अकरा वाचते म्हणूनच कळत नाही. एकच वाचणाऱ्याला विचार, तो छातीठोक सांगेल."

उत्तरेकडच्या एका छोट्या देशाच्या वकिलातीत ती सत्तावीस वर्षं नोकरीला होती. टंकलेखक म्हणून लागली आणि दुसऱ्या वर्षापासून एकच काम तिच्या गळ्यात पडलं: अकरा वर्तमानपत्रं वाचायची आणि नऊच्या आत राजदूतांच्या टेबलावर दोन पानी टिपण ठेवायचं. पहिल्या पानावर परराष्ट्र धोरण, दुसऱ्यावर देशातलं राजकारण. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "रोज पहाटे अकरा जणांचं ऐकते. बाराव्याचं कुठून ऐकू?"

तिचं लांब टेबल खिडकीशी होतं. लग्नात पाहुणे बसवावेत तशी ती वर्तमानपत्रं मांडी. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ती दोन टोकांना. परदेशाशी वाद असला की सगळा मांडवच एका सुरात बोलू लागे. अकराही मथळ्यांत "आम्ही", अकराही मथळ्यांना उद्गारचिन्ह. पान उलटून देशातल्या राजकारणाकडे वळलं की तेच अकरा जण एकमेकांच्या झिंज्या धरत. एकाला जे सरकारचं शहाणपण, ते दुसऱ्याला सरकारचं लोटांगण.

यातून तिनं एक नियम बांधला होता. नव्या राजदूताला ती तो पहिल्याच आठवड्यात सांगे. मोठं टाइप घरच्यांसाठी असतं, मतदारांसाठी, सभागृहातल्या विरोधकांसाठी. परदेशाला खरोखर काही सांगायचं असेल तर ते आतल्या पानात येतं, बारीक टाइपात, प्रवक्त्याच्या तोंडून, उद्गारचिन्हाशिवाय. सात राजदूत हा नियम शिकून बदलून गेले. त्यांतल्या एकानं तर तो पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला होता.

आठवा राजदूत येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्याच्यात एक नवी अडचण होती. त्याला तुर्की येत होती. चार हिवाळे पुस्तकातून शिकलेली, पाठ्यपुस्तकासारखी स्वच्छ तुर्की. आधीचे सातही जण शादान हानमच्या डोळ्यांनी वाचत. हा घरून येताना गाडीतच मथळे वाचून येई आणि जिन्यातूनच म्हणे, "शादान हानम, आज आपल्याला शिव्या आहेत."

"चहा घ्या साहेब. शिव्या थंड होऊ द्या."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी शिव्या जरा जास्तच गरम होत्या. राजदूताच्या देशातल्या एका संसदीय समितीनं तुर्की तुरुंगांवर अहवाल काढला होता आणि दहाच दिवसांनी त्या देशाचे परराष्ट्रमंत्री अंकाराला यायचे होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. ताटं देणाऱ्या वर्तमानपत्राचा मथळा होता: "आधी आरशात बघा!" खाली, तितक्याच जाड अक्षरांत: "मंत्र्याला दार बंद?" इतर दहांनीही तोच सूर लावला होता.

शादान हानमला यात नवल वाटलं नाही. गुरुवारी सरकारवर विश्वासदर्शक मतदान होतं. आघाडीतल्या दोन्ही पक्षांना दुसऱ्यापेक्षा आपण कडक दिसायचं होतं. ती आतली पानं चाळू लागली. बारीक टाइपातला खुलासा कुठेतरी असणार.

तो नव्हता. तिनं अकराही वर्तमानपत्रं दोनदा पाहिली. मग प्रामाणिकपणे लिहिलं: "मथळ्यांचा रोख गुरुवारच्या मतदानाकडे दिसतो. मात्र अशा वेळी अपेक्षित असणारा खुलासा आज एकाही वर्तमानपत्रात नाही."

दहा वाजता राजदूतानं तिला वर बोलावलं.

"तुमच्याच नियमानं जाऊ. मोठं टाइप घरच्यांसाठी, बारीक टाइप आमच्यासाठी. बरोबर?"

"बरोबर."

"आज बारीक टाइप नाही. म्हणजे मोठं टाइपही आमच्यासाठीच आहे."

"एक दिवस थांबा साहेब. मंत्रालयात विचारलंत?"

"विचारलं. 'आमचं म्हणणं वर्तमानपत्रांना दिलंय,' एवढंच म्हणाले. मग दिलंच आहे की, पहिल्या पानावर." त्यानं मथळ्यावर बोट ठेवलं. "दौरा पुढे ढकला, असं मी संध्याकाळी सातला मायदेशी कळवतोय. तुमच्या टिपणाचा हवाला दिलाय. सत्तावीस वर्षांचा अनुभव, असंही लिहिलंय."

सत्तावीस वर्षांत तिच्या टिपणावरून कोणाचं विमान थांबलं नव्हतं. दिवसभर तिला काहीतरी टोचत राहिलं. मंत्रालय "दिलंय" म्हणतं तर ते गेलं कुठे?

साडेचारला ती घरी आली. भाचीचं, पेलिनचं, वसंतात लग्न होतं आणि आत्याकडून बहात्तर नगांचा जेवणाचा सेट ठरला होता. तेविसावं कूपन चिकटवायचं होतं. एरवी ती टिपण पुरं करून दुपारी कूपन कापत असे. पण सोमवारी चहावाल्या बाईनं ते पानच कचऱ्यात टाकलं आणि हिदिरच्या हातापाया पडून दुसरं मिळवावं लागलं. म्हणून मंगळवारी सुतळी सोडल्यासोडल्या, काही वाचायच्या आधीच, तिनं कूपन कापून पर्समध्ये टाकलं होतं.

तिनं कूपन पालथं केलं, बोटानं खळ फासली आणि ओल्या खळीखालून अक्षरं वर आली. "...प्रवक्त्यानं एका लेखी प्रश्नाच्या उत्तरात..."

एप्रनच्या टोकानं तिनं खळ टिपली. सात ओळी होत्या. उद्गारचिन्ह नव्हतं. "पाहुण्या मंत्र्यांचा दौरा ठरल्या" इथवर वाचता आलं, पुढे कात्री फिरली होती. प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक वकिलातीतल्या पानावर राहिलं होतं. ठरल्याप्रमाणे, की ठरल्यापेक्षा उशिरा?

सव्वापाच वाजले होते. वकिलातीचा फोन पाचलाच बंद होई. ती वरच्या मजल्यावर फेरिदे हानमकडे गेली. फेरिदेनं वर्तमानपत्र आणून दिलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चौकोनी भोक. "आता हे काय शादान, स्वतःचं असताना माझ्या कूपनावर डोळा?" तिनं कार्ड दाखवलं. कूपन पक्कं चिकटलं होतं, सोलायला गेलं तर चिंध्या झाल्या असत्या. खाली राखणदाराकडे भोक. कोपऱ्यावरच्या वाण्यानं त्या पानात पांढरं चीज बांधायला घेतलं होतं, त्यालाही भोक. तिनं हिदिरला फोन लावला.

"ताटं? आब्ला, ताटं आठलाच संपतात! विश्वकोश हवा तर दोन आहेत."

रिसीव्हर ठेवताना तिच्या डोळ्यांपुढे ते पान लावणारा कोणी अनोळखी माणूस उभा राहिला. इतर दहांनी मंत्रालयाचं निवेदन गाळलंच होतं. याला ते छापणं भाग वाटलं असणार, पण पहिल्या पानावरच्या आरोळीची हवा जायला नको. मग त्यानं ते ताटांच्या बरोबर मागे बसवलं असणार. आज अर्ध्या अंकारानं ती बातमी कात्रीनं कापून, खळ लावून, पालथी चिकटवली होती. हे मुद्दाम होतं की योगायोग, ते तिला कधीच कळणार नव्हतं. पण तिला त्या माणसाचा राग आला नाही. कामातला माणूस वाटला.

ओलं कूपन बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून ती दोल्मुशमध्ये चढली. दोल्मुश म्हणजे माणशी भाड्याची गाडी. मधेच कोणाला उतरायचं चढायचं असलं की थांबते आणि त्या संध्याकाळी सगळेच उतरत चढत होते. गाडीवाल्यानं आरशातून झाकण पाहिलं.

"आब्ला, ताटं आजच उचलायची की काय?"

"तू नीट चालव. हे सांडलं तर एका मंत्र्याचं जेवण बुडेल."

"मंत्र्यांचं कधी बुडत नाही आब्ला," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी गाडी हसली. ती हसली नाही. घड्याळात सहा पंचवीस झाले होते.

पावणेसातला ती राजदूताच्या खोलीत उभी राहिली. मसुदा टाइप होऊन टेबलावर पडला होता, सहीपुरता.

"चूक माझी आहे साहेब. बारीक टाइप होतं. मी ते कापलं."

तिनं सकाळचं वर्तमानपत्र उघडलं, दुसरं पान वर केलं आणि भोकात कूपन बसवलं. खळीनं कागद थोडा ताणला होता, तरी ओळींची टोकं जुळली. राजदूतानं चष्मा लावून पाठ्यपुस्तकातल्या मुलासारखं मोठ्यानं वाचलं: "पाहुण्या मंत्र्यांचा दौरा ठरल्या तारखेस होईल. कार्यक्रमात कोणताही बदल नाही."

तो खुर्चीत मागे रेलला.

"मग ही बातमी ताटांच्या मागे का?"

"तिथे ती छापलीही गेली आणि कोणी वाचलीही नाही. दोन्ही कामं झाली."

"पण गाडीत मीही हेच वर्तमानपत्र वाचलं. माझ्या घरी येणाऱ्या अंकाला रोज कोपऱ्यात भोक असतं. मला वाटायचं," तो जरा ओशाळला, "सेन्सॉर."

"तो तुमचा आचारी, साहेब. त्याचंही तेविसावं असेल."

राजदूत हसला, पण थोडंच. मसुदा त्यानं फाडला आणि तीन ओळींचा नवा लिहिला. मग विचारलं, "टिपणात चूक होती हे कसं नोंदवू?"

"चूक होती असंच. मी टाइप करते."

तिनं तिथेच बसून दुरुस्ती टाइप केली, तारीख घातली, खाली आपलं नाव घातलं. सत्तावीस वर्षांतली पहिली. कूपन चिकटपट्टीनं पानात बसवून फाइलला लावलं. तिच्या कार्डावर एक कूपन कमी पडलं.

गुरुवारी सरकार थोडक्यात वाचलं. शुक्रवारी मथळ्यांत फुटबॉल होता. दहा दिवसांनी पाहुणे मंत्री आले, जेवले, गेले. सहा वर्तमानपत्रांनी भेट ऐतिहासिक ठरवली, पाचांच्या मते आपल्या हाती काहीच लागलं नाही. शादान हानमनं दोन्ही लिहिलं, शेजारी शेजारी.

त्याआधीच, बुधवारी सकाळी, हिदिरनं बारा वर्तमानपत्रं बांधली होती.

"ताटं दोनदा? बारावा कुणासाठी, आब्ला? काय ऐकतोय मी!"

"साहेबांसाठी. कात्रीही आता त्यांच्याकडेच."

तेव्हापासून रोज नऊला तिचं टिपण वर जाई आणि सव्वानऊला वरून एक पाकीट खाली येई. आत त्या दिवसाचं कूपन, सरळ रेषेत कापलेलं, आणि पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी: "मागची बाजू वाचली." हुकलेल्यांसाठी महिनाअखेरीस एक जादा कूपन छापून आलं आणि तिचं कार्ड पुरं झालं. त्या कूपनाच्या मागे प्रवक्ता नव्हता, मंत्री नव्हता, नुसतं हवामान होतं. तरी चिठ्ठी आलीच.

"मागची बाजू वाचली. कोन्या शहरात बर्फ."