दोन पेडलांची कुंडी

नव्वदच्या दशकात मी गुडगावच्या एका ट्रॅक्टर डीलरकडे सर्व्हिस विभागात होतो. डिप्लोमा नगरचा, खोली करोल बागेत, नोकरी हरियाणात. निम्मं आयुष्य बसमध्येच जायचं. नवे ट्रॅक्टर वरिष्ठांकडे आणि जुने, कुरकुरणारे माझ्या गळ्यात. त्यातलाच एक ताऊंचा. तिकडे म्हाताऱ्या माणसाला ताऊ म्हणतात आणि त्याच्या बायकोला ताई, म्हणजे थोरली काकू.

ट्रॅक्टर वीस वर्षांचा होता, पण इंजिन असं की जानेवारीच्या गारठ्यातही चावी फिरवली की घुरघुरलंच. विटांनी भरलेली ट्रॉली बिनबोभाट ओढायचा. एखादा भाग मिळाला नाही तर कोपऱ्यावरचा लेथवालाही तो बनवून द्यायचा. खोड्याही होत्याच. स्टिअरिंग चार बोटं सैल, नांगर उचलणारी लिफ्ट आपोआप खाली बसायची, मागचं सील गळून ब्रेकवर तेल यायचं. एअर क्लीनरमधलं तेल रोज बघा, असं सांगून माझा घसा कोरडा व्हायचा. ताऊ मान डोलवायचे आणि ढुंकून बघायचे नाहीत.

ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात, मागच्या प्रत्येक चाकाला एक. नांगरताना बांधाशी चटकन वळायचं तर एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने, तिकडच्या भाषेत कुंडीने, जोडायचे असतात. नाहीतर घाईत एकच दाबला जातो, एक चाक अडतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. मडगार्डवर कोणी बसलं असेल तर त्याचं काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ताऊंच्या मडगार्डवर ताई बसायच्या.

मग जमीन बिल्डरने घेतली. मोहरीच्या जागी लोखंडी सळ्या उभ्या राहिल्या आणि ताऊ त्याच इमारतींसाठी भट्टीवरून विटा आणू लागले. नांगर गोठ्यामागे पडला. आता सगळं काम रस्त्यावरचं, तरी ताऊ सीटवर बसले की आधी पायाच्या अंगठ्याने कुंडी उडवायचे. दर सर्व्हिसला मी ती लावायचो, ओरडायचो. ते म्हणायचे, "हां भाई, हां."

शेवटच्या वेळीही त्यांच्या अंगणात लावली. कार्डावर "ब्रेक ठीक" लिहिलं आणि हातपंपावर हात धुतले. ताऊ वर चढले, त्यांचा अंगठा गेला, कुंडी खट्‌कन सुटली. ताई दारात ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. तेच ते सांगून मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला होता, शिवाय बसची वेळ झाली होती. मी ताक प्यायलो आणि निघालो.

दहा-बारा दिवसांनी, नव्या सेक्टरच्या नव्या रस्त्यावर, एक स्कूटर आडवी आली. ताऊंनी ब्रेक दाबला. उजवं चाक अडलं, ट्रॅक्टर फिरला, ताई डोक्यावर पडल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

वर्कशॉपमध्ये हे कळलं तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनमधली हवा काढत होतो. ती पूर्ण काढली. मग डबा खाल्ला. रडू नाही, झोप उडणं नाही, काहीच नाही. पुढेही मी रोज नीट जेवत होतो, आणि माझा मला राग येतो तो याचाच.

तेरावं झाल्यावर ताऊ स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणाले, "कुंडी पै वेल्डिंग मार दे."

मी म्हणालो, "ताऊ, फिर खेत में नहीं चलेगा."

"कौण से खेत म्हं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाले, "पैर नै के बेरा, खेत बिक गया." पायाला काय माहीत, शेत विकलं गेलं ते.

मी बॅटरीची वायर काढली, कुंडी घासून साफ केली, अर्थिंगचा चिमटा लावला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "ताऊ, उस दिन आपने कुंडी खोली, मैंने देखा था. मैं बोला नहीं."

त्यांनी पेडलांकडे बघितलं. "वा भी देखै थी," ते म्हणाले. "वा भी कोन्या बोल्ली."

तीही बघत होती. तीही बोलली नाही. मी काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि वेल्डिंग सुरू केलं. ताऊ शेजारी उकिडवे बसून त्या उजेडात उघड्या डोळ्यांनी बघत राहिले. डोळे मिटा, एवढंच सांगायचं होतं. मी तेही सांगितलं नाही.