चैतीचा आवाज

राहुरीच्या अलीकडे, मुळा धरणाच्या कालव्याला लागून धसाळांची वस्ती आहे. त्या घरच्या सुनेचा, रेश्माचा आवाज जिल्ह्यात पुष्कळांनी ऐकला होता, पण तो तिचा आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. लग्नाआधी नेवाशात असताना टेम्पोवर लावायच्या जाहिराती ती बोलायची. साड्यांचा सेल, कुस्त्यांचा हगामा, डोळे तपासणीचं शिबिर, काहीही. स्पीकरवाला घरी येऊन कागद द्यायचा आणि रेश्मा एका दमात वाचून मोकळी व्हायची. लग्न झालं आणि ते सुटलं. बंद कर असं कुणी म्हणालं नाही. वस्तीवरून नेवासा लांब, एवढं कारण पुरलं.

नवरा अमृत साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. भला माणूस. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण त्याचं बोलणं ‘वाढ’ आणि ‘किल्ली कुठंय’ याच्या पुढं सरकत नसे. घर चालायचं ते सासूच्या, रतनबाईंच्या शब्दावर. ऐन तारुण्यात नवरा गेला तरी त्यांनी आठ एकर रान कुणाला हात लावू न देता राखलं होतं, आणि तशीच घरातली माणसंही राखली होती. वस्तीच्या फाटकाबाहेर कोण, कशाला, किती वेळ चाललंय, हे त्यांना आधी कळायला लागे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्यामुळे रेश्माचं बाहेर पडणं म्हणजे महिन्यातून एकदा डॉक्टरकडे, तेही सासूबरोबर.

अशात एके दिवशी अपूर्वाचा फोन आला. अपूर्वा तिची कॉलेजातली मैत्रीण. आता पुण्यात मोबाईलवरचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती.

“गेम म्हणजे गोष्टच आहे बघ,” ती सांगायला लागली. “पडद्यावर चित्र दिसतं, पात्र बोलतं, मग खाली तीन उत्तरं येतात. आपण एक निवडायचं. निवडू तशी गोष्ट पुढं जाते. एका एकट्या माणसाच्या घरी एक अँड्रॉइड येते आणि हळूहळू त्यांचं नातं जुळतं, असं सगळं.”

“अँड्रॉइड म्हणजे मोबाईल ना?”

अपूर्वा हसली. “अगं, हुबेहूब माणसासारखं दिसणारं यंत्र. आमची बाई आहे, नाव चैती. तिचा आवाज तू दे. पुण्याला यायला नको. घरूनच रेकॉर्ड करून पाठव.”

या शेवटच्या वाक्यामुळेच घरातून परवानगी मिळाली.

बाहेरचा आवाज कमी येईल अशी एकच जागा होती, मागची पोत्यांची खोली. तिला खिडकी नव्हती. रेश्मानं भिंतींवर गोधड्या टांगल्या, दाराला आतून सतरंजी लावली, पोत्यांच्या थप्पीवर माईक ठेवला. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. एप्रिल तापलेला. दुपारी रतनबाई आडव्या झाल्या की ती आत जाऊन कडी लावून घ्यायची. मोटर सुरू झाली, शेळी ओरडली, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. दहा मिनिटांत ब्लाऊज पाठीला चिकटे. घरात ती ‘हाय’ म्हणायची, त्या खोलीत ‘आहे’.

गोष्टीतल्या चैतीला घराबाहेर पडता येत नव्हतं. उंबऱ्याशी आली की तिचे पाय आपोआप थांबत. तिला बनवलंच होतं तसं. “तुम्ही जाऊन या, मी इथंच आहे,” हे वाक्य तिच्या तोंडी कितीदा तरी होतं, आणि अपूर्वाला ते दर वेळी निराळं हवं होतं.

“रेश्मा, गोड झालंय, पण यात थकवा ऐकू येतो,” ती फोनवर म्हणाली. “चैती थकत नाही. तिला वाईटही वाटत नाही. तिला वाटतं, हे घर म्हणजेच जग.”

रेश्मानं पदरानं मान पुसली आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा. अकराव्या वेळी अपूर्वा एकदम म्हणाली, “हेच! हेच पाहिजे होतं!” या वेळी रेश्मानं काहीच वेगळं केलं नव्हतं. अमृत कामाला निघताना गाडीला किक मारतो तेव्हा ती रोज जशी दारात उभी असते, तशी मनातल्या मनात उभी राहिली होती, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास गेम बाहेर आला. अमृतनं तो कौतुकानं मोबाईलवर घेतला. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि त्याची तिसरी पाळी होती. सकाळी नऊला घरी यायचा, अंघोळ करायचा आणि ओसरीत खाटेवर मोबाईल घेऊन पडायचा. एका सकाळी रेश्मा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तर भिंतीपलीकडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“आज उशीर झाला. मी वाट पाहत होते.”

मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा तिचाच आवाज. “नाही, मी दमत नाही. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.”

रेश्माचा हात परातीतच थांबला. सगळे संवाद तिला पाठ होते. हे उत्तर कधी येतं तेही तिला माहीत होतं. खालच्या तीन पर्यायांतलं ‘तू दमलीस का?’ हे दाबलं तरच ते येतं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. अमृत घाई करत नसे. तिन्ही उत्तरं नीट वाचून त्यातलं मायेचं असेल ते निवडायचा. तुला कोणता रंग आवडतो? तुला समुद्र बघायचाय का? एकटं वाटतं का? आणि रेश्माचा आवाज त्याला लाजून, हसून, कधी भरून येऊन उत्तरं द्यायचा. इकडे रेश्मा तव्यावर भाकरी उलटायची. पीठ संपलं तर ओसरीतून जावं लागेल म्हणून ती आधीच डबा भरून ठेवायला लागली.

रतनबाईंनीही एकदा कान देऊन ऐकलं. “तुझाच आवाज हाय व्हय गं? पर ती बाई बोलती लई ग्वाड.”

पंधरा-वीस दिवस रेश्मानं दम धरला. मग एका सकाळी चहाचा कप खाटेशी ठेवताना ती म्हणाली, “तिला विचारलंत, दमलीस का म्हणून. मला कधी विचारलंय?”

अमृतचे कान लाल झाले. “तीबी तूच की.”

“ती मी न्हाई. मी फक्त कागदावरचं वाचलं.”

तो उठून बसला. मोबाईल पालथा घातला. “तिथं खाली लिहिलेलं असतं गं,” तो म्हणाला. “तिनातलं एक दाबायचं. चुकलं तर मागं जाता येतं. हितं काय म्हणायचं तेच मला सुचत न्हाई. ह्या घरात आई बोलायची आन् मी ऐकायचो. दुसरं काय कधी बघितलंच न्हाई.”

भांडणासाठी जमवून आणलेलं सगळं रेश्माच्या तोंडातच राहिलं. तो खोटं बोलला असता, चिडला असता, तर तिला बरं पडलं असतं. हा तर तिच्या शेजारीच अडकून बसलेला होता. चहावर साय धरली. तिनं कप उचलला आणि गरम करायला आत नेला.

फेब्रुवारीत अपूर्वाचा पुन्हा फोन. गेम लोकांना आवडला होता, दुसरा भाग करायचा होता. “या भागात चैती उंबरा ओलांडते,” ती म्हणाली. “पण आता रेकॉर्डिंग स्टुडिओत करायचं. तीन आठवडे पुण्याला ये, माझ्याकडेच राहा.”

जेवताना रेश्मानं विषय काढला. रतनबाई शांतपणे म्हणाल्या, “आवाज जातूय की घरातनं. मंग बाई कशाला जायला पायजे?”

रेश्मानं अमृतकडे बघितलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, त्याचे आणखी दोन केले, आणि ते ताटातच ठेवून दिले.

आठवड्यानं अपूर्वानं दुसराच मार्ग सांगितला, पण तिचा सूर उतरलेला होता. “आमचे साहेब म्हणतात, तुझं एवढं रेकॉर्डिंग आहे की मशीन त्यावरून तुझा आवाज तयार करील. मग काहीही बोलून घेता येईल. तू फक्त संमतीच्या कागदावर सही कर. मला पटत नाही, पण सांगणं भाग आहे.”

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बसल्या जागी काम होत होतं, आणखी काय पाहिजे? अमृतनं राहुरीतून कागदाची प्रिंट काढून आणली. ती फडताळात साखरेच्या डब्याखाली चार दिवस पडून होती. रेश्मा येता-जाता तिच्याकडे बघायची. तिचाच आवाज घेऊन चैती समुद्र बघणार होती, अनोळखी रस्त्यांवर हसणार होती, रेश्मानं जन्मात न उच्चारलेली वाक्यं बोलणार होती. त्यासाठी तिनं खोलीत जाऊन कडी लावायचीही गरज उरणार नव्हती.

पाचव्या दिवशी तिनं सही करणार नाही म्हणून सांगितलं.

“काय जातंय तुजं?” रतनबाईंना खरंच कळेना. “आवाज काय झिजतूय व्हय?”

“आत्या, माझ्याजवळ दुसरं काय हाय?”

रतनबाई उठून शेळ्यांकडे गेल्या.

चैतीला पुण्यातल्याच कुणा मुलीचा आवाज मिळाला. अपूर्वाचे फोन कमी झाले. पोत्यांच्या खोलीतल्या गोधड्या उतरल्या आणि नवा गहू आला तसा तो तिथं जमिनीपासून आढ्यापर्यंत रचला गेला. दुसरा भाग आला तेव्हा अमृतनं तो घेतला नाही.

हंगाम संपल्यावर एका रविवारी दुपारी तो गाडी काढून म्हणाला, “चल, धरणावर जाऊन येऊ.” घरात विचारलेलं नव्हतं. रेश्मा चप्पल घालून तशीच मागं बसली.

मुळा धरणाच्या भिंतीशी दोघं दगडावर बसले. पाणी खूप खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बगळे हिंडत होते. अमृतनं दोनदा घसा खाकरला.

“तुला खरंच जायचं हुतं का पुण्याला?”

“हो.”

“मंग मी का बोललो न्हाई त्या दिवशी?” हे त्यानं तिला विचारलं की स्वतःला, ते तिला कळलं नाही. ती म्हणाली, “पुन्हा बोलावणं आलं तर बोलाल?”

तो पाण्याकडे बघत होता. बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला. पलीकडून रतनबाई मोठ्यानं बोलत होत्या, रेश्माला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुठं हाय तुमी दोघं? गाय पान्हावलीय, धार कोन काढणार?

“आलो,” अमृत म्हणाला.

वस्तीवर पोचले तेव्हा रतनबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी हातातली धारेची कासंडी रेश्मापुढं धरली आणि दोघं आत आल्यावर फाटक लावून घेतलं.