एक गाळा, दोन मशिनं

डीटीपीच्या दुकानात काम केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. प्रिंटरखाली रद्दी साठते तसे ते आपोआप साठतात, आणि रद्दीवाला ते नेतही नाही. आमच्याकडे तर दुप्पट साठले, कारण शहापूरच्या बाजारातल्या त्या एका गाळ्यात एकमेकांचं तोंड न बघणारी दोन मशिनं होती. डावीकडे बाळूकाकांचा मॅक, उजवीकडे प्रमोदचा पीसी. मधे मी, मंदा, सापगावची. दोन्हीकडचं टायपिंग करणारी, म्हणजे दोन्हीकडची बोलणी खाणारी!

दुकान काका चालवायचे, पण गाळा काकूंच्या नावावर. त्यांच्या वडिलांकडून आलेला. प्रमोद हा काकूंच्या मुरबाडच्या बहिणीचा मुलगा, कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला. काही वर्षं दोघांचं एका छपराखाली चाललं. मग रस्ता रुंद झाला, गाळ्याचा पुढचा भाग गेला आणि एकच टेबल मावेल एवढी जागा उरली. प्रमोदला आसनगावला स्टेशनजवळ दुसरा गाळा मिळत होता. काकांना मात्र मॅकशिवाय काही चालवता येत नव्हतं. मॅक गेला की काका घरी, एवढा सरळ हिशेब होता तो. हे आधीच सांगून टाकते. मला विचाराल तर काम पीसीवर पटापट व्हायचं, आणि जीव काकांसाठी तुटायचा.

*

काका मूळचे छापखान्यातले. शिशाचे खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. खिळ्यांच्या लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असतं. जे अक्षर सारखं लागतं ते हाताशी, जे क्वचित लागतं ते लांब कोपऱ्यात. जुळणारा माणूस केसकडे बघतसुद्धा नाही, हात आपोआप जातो.

छापखाना बंद पडला आणि काका काही महिने घरी बसले. हात शिवशिवायला लागले. काकू बहिणीकडे मुरबाडला गेल्याची संधी साधून त्यांनी स्वयंपाकघराची फळी नव्यानं लावली. मीठ, मिरची, हळद हाताशी. मोहरी उचलून दुसऱ्या ओळीत, मोहरीच्या जागी मेथी, खसखस पार वरच्या कोपऱ्यात. डबे सगळे स्टीलचे, एकसारखे. अगदी शास्त्रशुद्ध काम!

काकू परतल्या त्याच दिवशी सोयरे जेवायला. तेल कडकडीत तापलेलं, धूर डोळ्यांत गेलेला, काकूंनी सवयीनं हात घातला आणि मोहरी म्हणून मूठभर मेथी फोडणीत! आमटी अशी कडू झाली की सोयऱ्यांनी ताक मागून घेतलं. काका आपले शांतपणे म्हणाले, "चूक तुझी हाय. केस बदलली की आधी घरं पाठ करायची असतात!"

त्यानंतर बरेच दिवस काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. फळी मात्र काकांनी लावली तशीच राहिली.

*

पुढं मुंबईतल्या एका जाहिरातवाल्या ऑफिसनं नवी मशिनं घेतली, तेव्हा काकांनी त्यांचा जुना मॅक विकत आणला. छोटासा होता. पडदा आणि मशीन एकाच खोक्यात, उचलायला वरती खाचसुद्धा. काकांनी तो गाडीत थेट मांडीवर ठेवून आणला आणि काकूंच्या गाळ्यात दुकान थाटलं.

प्रमोदचा पीसी नंतर आला तो टेम्पोतून. मॉनिटर वेगळा, सीपीयू वेगळा, यूपीएस वेगळा, स्टॅबिलायझर वेगळा, आणि वायरींचा गुंता. काका दारात उभे राहून बघत होते. "हे मशीन हाय का वरात? पुढं वाजंत्री, मागं करवल्या!"

प्रमोद कसला ऐकतोय! "काका, ह्यातली वायर तुटली तर आपल्या बाजारात मिळंल. पार्ट गेला तर कल्याणला. तुमच्या मशीनचं कायपण गेलं की डायरेक्ट मुंबई!"

ते खरं होतं. आणि जागा कोण जास्त खातं, तेही दिसत होतं.

एकदा मीच काकांना पीसीवर बसवलं. म्हटलं, शिकून तर बघा. त्यांनी माऊस उचलला, उलटापालटा करून पाहिला. मॅकच्या माऊसला एकच बटण असायचं, ह्याला दोन. "मंदा, एका बैलाला दोन वेसणी कशाला गो?" म्हणाले आणि उठले. कीबोर्डवरची मराठी अक्षरंही दोन्हीकडे वेगवेगळ्या जागी होती. काकांच्या बोटांना दुसरी वाट नको होती. मला तेव्हा वाईट वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एकदा खिळे विसरायला लावलेले, आता पुन्हा कुठं विसरायला सांगायचं?

*

म्हसा गावाकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. पत्रिका झाली, नावं तपासून झाली. धाकटीच्या लग्नात मजकूर पुन्हा उपयोगी पडेल म्हणून त्यांनी तो फ्लॉपीवर मागितला. धोरणी माणूस!

मॅकची एक खोड होती. फ्लॉपी बाहेर काढायला बटण नाही. पडद्यावर फ्लॉपीचं चित्र दिसतं, ते माऊसनं ओढत न्यायचं आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर सोडायचं. मग फ्लॉपी बाहेर येते. असं का, ते काकांनाही माहीत नव्हतं. काकांनी सवयीनं ओढली आणि सोडली डब्यात.

गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "ओ काका! माझ्या पोरीचं लगीन कचऱ्यात टाकलंत!"

तेवढ्यात खट्ट करून फ्लॉपी बाहेर. काका म्हणाले, "हे बघा, आली ना परत?"

"कचऱ्यातनं आलेलं गावदेवापुढं कसं ठेवू?" पहिली पत्रिका गावदेवाला ठेवायची असते, त्यामुळं त्यांचं म्हणणं अगदीच काही चूक नव्हतं. शेवटी दुकानाच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. तरी समाधान होईना, तेव्हा त्यांनी समोरच्या घरातून गोमूत्र आणून फ्लॉपीवर शिंपडलं. फ्लॉपी पवित्र झाली आणि कायमची बंद पडली!

प्रमोद पोट धरून हसत होता. "आमच्याकडं नुसतं बटण दाबलं की निघते. शुद्धीकरण लागत नाय!"

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे ही दोन. पूजेला काकू यायच्या. भाचा आणि नवरा, कुणालाच कमी-जास्त वाटायला नको म्हणून सगळं मोजून-मापून सारखं. दोन्ही मशिनांना हळदकुंकू, दोन्हींना मूठभर अक्षता, दोन्हींना झेंडूची भरगच्च माळ. आणि पूजेच्या वेळी मशीन चालू पाहिजे, हा काकूंचा नियम. "झोपलेल्या देवाची पूजा करतात का?"

एका वर्षी पूजा झाली आणि थोड्याच वेळात पीसीतून घरघर सुरू झाली. अक्षता जाळीतून आत जाऊन पंख्यात अडकल्या होत्या. गिरणीत भात टाकल्यासारखा आवाज! तिकडे मॅकची हवा जायची भोकं वरच्या बाजूला, नेमकी माळेखाली. तो तापला आणि बसला.

प्रमोदनं साधा स्क्रू ड्रायव्हर काढला, खोका उघडला, तांदूळ झटकले, मशीन चालू. मॅकचे स्क्रू मात्र असे खोल बसवलेले आणि असे विचित्र आकाराचे, की शहापुरातला एकही पाना लागेना. शेवटी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडून लांब दांड्याचा पाना बनवून घेतला. आत काही बिघडलंच नव्हतं. निवल्यावर तो आपला आपण चालू झाला. एक माळ काढायची होती, त्यासाठी आम्ही पाना बनवला!

दोघांनी मिळून काकूंकडे तक्रार केली. ते दोघे एकत्र बोलल्याची ही पहिलीच वेळ. काकू पदर खोचून म्हणाल्या, "मी दोघांना सारखंच दिलं. पचलं नाय त्याला मी काय करू?"

*

फॉन्टचं दुखणं वेगळंच होतं. मॅकवर केलेला मराठी मजकूर खटपट करून पीसीवर नेला, की अक्षरांची पार खिचडी व्हायची. काना-मात्रा जाऊन त्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि टोप्या.

अशीच एका पत्रिकेची खिचडी छापून निघाली आणि चुकून गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मुरबाडकडचे शेतकरी होते. त्यांनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. आम्ही श्वास रोखून उभे. आता ओरडणार!

त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "ब्येस झालंय. मराठीतल्या तर छापाच, पण ह्या इंग्लिसमधल्यापण थोड्या काढा. मुंबईचे पाव्हणे हायेत आमचे."

काका समजावत होते, प्रमोद समजावत होता. ते काही ऐकेनात. त्यांना वाटलं, आम्ही जास्त पैसे काढायला बघतोय!

*

एका लगीनसराईत, अगदी तिथी तोंडावर आलेल्या असताना, पीसीत व्हायरस शिरला. कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला असणार. सकाळी मशीन चालूच होईना. प्रमोदच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग आणि त्याचं तोंड एवढंसं. खरं तर रडवेला झाला होता बिचारा.

मॅकला काहीच झालं नव्हतं. तो व्हायरस त्याला लागूच व्हायचा नाही. काका सकाळभर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! दुपारी बघते तर त्यांनी मॅकवर ठळक अक्षरांत छापून दारावर चिकटवलेलं, "येथे ताप येत नाही."

पण नंतर स्वतःच खुर्चीतून उठले आणि प्रमोदला म्हणाले, "बस इकडं. लोकांची लग्नं खोळंबतील." मी टाइप करते म्हटलं, तर प्रमोद म्हणाला, घोळ माझा, निस्तरणार मीच. तो मॅकवर बसला. मी मजकूर वाचून दाखवायची, तो चाचपडत टाइप करायचा, काका मागं उभे राहून अक्षरांच्या जागा सांगायचे. सगळ्या पत्रिका वेळेत गेल्या. संध्याकाळी प्रमोद बोटं मोडत म्हणाला, "काका, मशीन वाईट नाय तुमचं." काकांनी दारावरचा कागद काढून टाकला.

*

आणि मग तो रस्ता. गाळ्याचा पुढचा भाग गेला, एकच टेबल राहणार. कुणाचं, ते काकू ठरवणार, कारण गाळा त्यांचा. त्यांनी आम्हा तिघांना घरी बोलावलं. स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

प्रमोदनं सुरुवात केली. मुद्दे बिनतोड होते आणि आवाज चढवलेला नव्हता. "मावशी, माझ्या मनात काकांबद्दल कायपण नाय. पण सगळं जग आता पीसीवर चाललंय. गिऱ्हाइक फ्लॉपी आणतं ती पीसीची. फॉन्ट पीसीचे. रिपेरिंग इथल्या इथं. उद्या इंटरनेट येईल, तेपण ह्याच्यावर. बाजारातली जागा हाय ही, इथं मॅक ठेवून धंदा कसा वाढणार?"

काकू काकांकडे वळल्या. "तुमी बोला."

काका खाली बघत म्हणाले, "तो बोलतोय ते बरोबर हाय. माझं मशीन म्हातारं झालंय. पण छपाई बघ त्याची. अक्षर कसं ठसठशीत येतं!" मग स्वतःच्या बोटांकडे बघत, "आणि मला तेवढंच येतं."

मी काकूंनी तांदळातून काढून टाकलेले खडे मोजल्यासारखं करत होते.

"मंदा, तू दोन्हींवर बसतेस," काकू म्हणाल्या. "कुठलं चांगलं?"

आता आली का पंचाईत! खोटं बोलावं तर धंद्याचं नुकसान, खरं बोलावं तर काका समोर बसलेले. पण काकूंना खोटं सांगायची माझी छाती नव्हती. म्हटलं, "काकू, धंद्याला पीसी चांगला."

प्रमोदनं सुटकेचा निःश्वास सोडला. काका हळूच मान हलवत राहिले.

काकूंनी सूप पाखडलं. "बरं. मग मॅक गेला तर हे बसतील का गो प्रमोदच्या मशीनवर?"

"नाय बसणार, काकू."

"मग दिवसभर असतील कुठं?"

मी म्हटलं, "घरी."

काकूंचा हात सुपातच थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वळून फळीवरच्या स्टीलच्या डब्यांकडे पाहिलं.

"इतकी वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "आजून मोहरीला हात घालते तो मेथीवर जातो. प्रमोद, तुझं टेबल उचल बाबा."